खाट, खुर्ची आणि पावलांचा हिशेब



जळगाव-धुळ्यातले फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि वृद्धाश्रम चालवणारी मंडळी आज एका मांडवात बसली आहेत. अशी बैठक आपल्याकडे फारशी होत नाही. आभार तुम्ही मनातल्या मनात ऐकून घ्या, म्हणजे मला थेट विषयाकडे वळता येईल. वृद्धाश्रमातलं माणूस दिवसभरात किती हलतं हे मोजायचं कसं, आणि आकडा कमी निघाला तर जाब कोणाला विचारायचा, एवढंच मला बोलायचं आहे.

सुरुवात दहा हजार पावलांपासून करू, कारण ते भूत प्रत्येकाच्या मोबाईलवर बसलेलं आहे. हा आकडा कोणत्याही डॉक्टरने काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव खपलं आणि नियम होऊन बसलं. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्क स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. आपल्या आजोबांना दहा हजारांचा धाक घालणाऱ्या नातवांना हे जरूर सांगा. पण एक लक्षात ठेवा, त्या बायका आपापल्या पायांनी बाहेर हिंडणाऱ्या होत्या. आपल्याकडची आजी वॉकर धरून खाटेवरून संडासापर्यंत जाते, तेव्हा तिचं गणित कोणतं?

इथे यंत्रं आपल्याला दगा देतात. पाय घासत, हळूहळू चालणाऱ्याची पावलं बरीचशी यंत्रं गाळतात. वॉकरच्या दांडीवर हात स्थिर असला, की मनगटावरच्या घड्याळाला माणूस चालतोय हेच उमगत नाही. उलट संध्याकाळच्या भजनात टाळ हातात आला, की बसल्या जागी पावलं जमा होण्याची शक्यता. मांडीवर चिकटवायचं यंत्र यापेक्षा शहाणं. बसणं आणि उभं राहणं त्याला वेगळं कळतं. पण ते महाग, आणि मांडीला यंत्र चिकटवून घ्या असं ऐंशीच्या आजींना सांगून बघाच एकदा.

यंत्र नको, तर विचारून घ्यावं? मागच्या सात दिवसांत किती वेळ मेहनतीचं काम केलं, असं प्रश्नावली विचारते. आपल्या भागातली म्हातारी उत्तर देते, “काही नही, बठी ऱ्हास.” ती खोटं बोलत नाही. जन्मभर निंदणी-खुरपणी आणि कापूस वेचणी केलेल्या बाईच्या हिशेबी भाजी निवडणं हे काम नसतंच.

थंडीतला भरिताचा दिवस पाहा. एका आश्रमात मी तो जवळून पाहिला आहे. सकाळपासून अंगणात पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जात होती. एरवी खाटेला चिकटून असलेल्या एक आजी भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या आणि पाट मागवून खाली बसल्या. गरम वांग्याची साल फुंकर घालत सोलायची, देठ धरून परातीत ठेवायचं, बोटं पाण्यात बुडवायची, पुन्हा पुढचं वांगं. मध्येच कांद्याची पात कुणी जाड चिरतंय म्हणून उठल्या, चिरणारीला दोन शब्द सुनावले, परत येऊन बसल्या. जमिनीवरून उठणं आणि बसणं ही शरीराची केवढी परीक्षा! ब्राझीलमध्ये क्लॉडिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांची नेमकी हीच परीक्षा घेतली. ज्यांना आधाराशिवाय बसता-उठता येत नव्हतं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त झाले. त्या दिवशी आजींच्या हाती घड्याळ असतं, तर पावलं मात्र मोजकीच निघाली असती.

आता जाबाचं. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. खाटा मोजणं सोपं असतं. पण चहा खाटेवर येतो, जेवण खाटेवर येतं, स्वयंपाकघराच्या दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी असते. मग हलायचं कशासाठी? सुरतेहून, पुण्याहून मुलाचा फोन येतो, “बाबांना उठू देऊ नका, पडतील.” व्यवस्थापकही घाबरतो, आणि हाताखाली मावशी असते एकटी. मी कुणाला दोष देत नाही. पण आकडा कमी आला की आपण कागदावर ‘रुग्ण निष्क्रिय’ लिहून मोकळे होतो, ते मला मान्य नाही. तो आकडा आधी आश्रमाचा असतो, मग आजोबांचा. पांझरा नदीकाठच्या फड-सिंचनात पाटकरी पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलं नाही तर वाफ्यावर रागावत नसे. पाटावर मागे चालत जाऊन ते कुठे अडलंय ते बघे.

देशपातळीवरही ही माणसं निसटतात. ‘लासी’ हे २०१७-१८ चं मोठं सर्वेक्षण, पंचेचाळिशीपुढच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांचं. पण ते घराघरांत जाऊन झालं. ज्यांचं घर सुटलं, ते त्यात नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. यंत्रासाठी अनुदानाची वाट पाहू नका. चार मीटर चालायला लागणारा वेळ आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, या दोन चाचण्यांना स्टॉपवॉच आणि न घसरणारी खुर्ची पुरते. शेजारी धरायला माणूस मात्र हवाच. त्यासोबत आठवडाभर वहीत लिहा: किती जेवणं खाटेवर झाली, माणूस किती वेळा खोलीबाहेर पडलं, हातांनी कोणतं काम केलं, आणि बाहेर पडलं नसेल तर का. शेवटचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘चप्पल सापडली नाही’ हेही तिथे येऊ द्या.

संमती घेताना जपा. आश्रमातलं माणूस “तुम्ही म्हणाल तसं” म्हणतं, कारण त्याला तिथेच राहायचं असतं. म्हणून विचारणारा बाहेरचा असावा, आणि नाही म्हणणाऱ्याचा चहा चुकता कामा नये.

मोजणी वर्षातून दोनदा करू, डिसेंबरात आणि मे महिन्यात. आपल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा एका ऋतूच्या आकड्यावर निकाल देणं अन्यायाचं होईल. आखाजी मोजणीच्या आठवड्यात नको; सणाच्या दिवशी सगळेच उठतात. मात्र आखाजी आणि कानबाईचा रविवार, या सणांची वेगळी नोंद ठेवा, कारण आपलं माणूस मनात आणलं तर किती हलू शकतं ते तिथेच कळेल. मे महिन्यातल्या चाचण्या सकाळी साडेसहाच्या आत उरकाव्या लागतील, तेव्हा व्यवस्थापकांनी मावशींच्या पाळ्या आधीपासून लावून ठेवाव्यात आणि त्या जादा तासांचे पैसे त्यांना द्यावेत.