दोन कायद्यांच्या मधला कादंबरीकार



विकाराबादहून परळीकडे जाणारी गाडी बिदर, भालकी, उदगीर अशी स्थानकं घेत जाते. 1956 सालच्या ऑक्टोबरपर्यंत ही तिन्ही गावं हैदराबाद राज्यातल्या एकाच बिदर जिल्ह्यात होती. 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मोडल्या नाहीत, बाजारहाटही तसाच चालू राहिला. पण मराठी लिहिणाऱ्या माणसाचा प्रकाशक, त्याचं ग्रंथालय आणि त्याचे पुरस्कार हद्दीच्या पलीकडे राहिले. एप्रिल 2022 मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं, तेव्हा भालकीच्या वाचकासाठी ते शेजारच्या राज्यातलं संमेलन होतं.

या सगळ्याची झळ सर्वांत जास्त कादंबरीकाराला बसते. कविता चार मित्रांत म्हणता येते, कथा दिवाळी अंकाला धाडता येते. कादंबरीला मात्र वर्षं द्यावी लागतात, आणि त्या वर्षांचा पगार कुणी देत नाही. विद्यापीठाच्या, मंडळाच्या किंवा प्रकाशनसंस्थेच्या पदरी नसलेला, पोटासाठी दुसरंच काम करणारा असा स्वतंत्र कादंबरीकार कशावर जगतो, याचा विचार या व्यासपीठावर व्हायला हवा.

बी. रघुनाथ यांचं उदाहरण घ्यावं. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचं नाव, 1913 चा जन्म, परभणी जिल्ह्यातलं सातोना हे गाव. हैदराबादेत मॅट्रिक झाले, पुढे शिकायची ऐपत नव्हती, म्हणून निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. दिवसा सरकारी कागद आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबरी, असा त्यांचा जन्म गेला. कचेरीत उर्दूचं राज्य, सभेला परवानगी लागे, खाजगी शाळेलाही परवानगी लागे. मराठी छापखाने आणि मासिकं बहुतेक पुण्या-मुंबईला. त्या वातावरणात या माणसाने ‘ओ’, ‘बाबू दडके’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’ अशा सात कादंबऱ्या लिहिल्या. 7 सप्टेंबर 1953 रोजी कचेरीत काम करता करताच ते गेले. वय चाळीस. मराठवाड्याचं गाव, त्यातले वतनदार, निजामी राजवटीखालचा मध्यमवर्ग हे सगळं मराठी कादंबरीत आणायला तो कारकूनच पुढे आला. त्याच्या हयातीत त्याला मिळायला हवा होता तेवढा वाचक आपण त्याला दिला नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

दुसरं उदाहरण खुद्द कलबुर्गीचं आहे, आणि ते कन्नडमधलं आहे म्हणून आपण ते बाजूला ठेवतो, ही आपली चूक आहे. गीता नागभूषण 1942 साली कलबुर्गी तालुक्यातल्या सावळगीत जन्मल्या. घर गिरणी कामगाराचं. शिकता शिकता त्यांनीही सरकारी कचेरीत कारकुनी केली, मग अध्यापन केलं आणि कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या ‘बदुकु’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2010 साली गदगच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. त्यांची माणसं कलबुर्गीच्या बायाबापड्यांसारखी बोलतात. म्हैसूर-बंगळूरच्या वाचकासाठी बाईंनी ती बोली धुऊन काढली नाही. 2020 मध्ये त्या गेल्या. आळंद किंवा अफजलपूरच्या मराठी कादंबरीकाराला याहून जवळचा गुरू मिळणार नाही, कारण त्यांच्या कादंबऱ्यांतलं शेतमजुराचं घर, जत्रा आणि दुष्काळ त्याच्याही अंगणातला आहे.

या भागातल्या लेखकाचं खरं भांडवल त्याचं वाचन, आणि ते एका भाषेचं असून चालत नाही. ही आपली जुनी रीत आहे. गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींचं चरित्र मराठीत ओवीबद्ध करणारे सरस्वती गंगाधर आपल्या ग्रंथातच कबूल करतात की मराठी ही आपली भाषा नव्हे. तरी त्यांच्या गुरुचरित्राची पारायणं शतकानुशतकं चालू आहेत. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदं केली. जयदेवीताई लिगाडे सोलापूरच्या, शिक्षण मराठीतलं. त्यांनी कन्नडमध्ये सिद्धरामेश्वरांवर महाकाव्य लिहिलं, वचनं मराठीत आणली. 1974 साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

लिपी येत नाही ही सबबसुद्धा टिकत नाही. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत कशा आणल्या, ते त्यांनी ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात सांगितलं आहे. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर मोठ्याने वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करायचे, आणि घरातली कामं आटोपल्यावर उमाताई ती टेप ऐकत मराठी मजकूर लिहायच्या. थांबायचं, मागे जायचं, पुन्हा ऐकायचं. ‘वंशवृक्ष’ मराठी वाचकाच्या घरात पोचली ती या वाटेने, आणि तिला 1989 चा अनुवादाचा अकादमी पुरस्कार मिळाला. भालकीच्या मुलाला तर टेपचीही गरज नाही. त्याच्या वर्गात, शेतात, बसस्टँडवर कन्नड आणि दखनी दोन्ही सुरू असतात.

त्याने आपल्या गावाचं बोलणं मात्र हस्तलिखितात जपावं. त्याच्या पात्राने ‘काय करूलालास’ म्हटलं की दूरच्या मुद्रितशोधकाच्या हाताखालून ते ‘काय करतोयस’ होऊन येतं, आणि नवखा लेखक आभार मानून सही करतो. तिथे त्याने अडून बसावं. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ 1971 साली मराठवाड्याच्या बोलीत अख्खी उभी राहिली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती वाचली. वाचकाला बोलीची अडचण होते हा समज त्या एका पुस्तकाने खोडून काढला.

विषयांची तर इथे वाण नाही. बिदरच्या महमूद गवाँच्या मदरशात तीन हजार हस्तलिखितं होती असं इतिहासकार सांगतात. ती इमारत औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने अर्धी ढासळली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे 1948 मध्ये रझाकारांनी केलेली कत्तल आहे, आणि त्याच वर्षी पोलिस कारवाईनंतर याच भागातल्या मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं तेही आहे. दोन्ही बाजू एकाच कादंबरीत, एकाच माणुसकीने लिहायला इथलाच लेखक हवा. 1956 ला एका रात्रीत बदललेल्या कचेऱ्या, शाळा आणि सातबारे अजून वाट पाहत आहेत.

आता पुस्तक छापल्यानंतरचं. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखाली अनुदान मिळतं ते महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांना. कर्नाटकाचा कायदा 1965 चा. त्याखालच्या ग्रंथालयांत कन्नड पुस्तकांना पहिला मान मिळतो, आणि ते रास्तच आहे. बिदरच्या मराठी कादंबरीकाराचं पुस्तक या दोन कायद्यांच्या मध्ये पडतं. पदरचे पैसे घालून काढलेल्या प्रती घरातच पडून राहतात.

पण कर्नाटकाच्या कायद्यातली एक गोष्ट महाराष्ट्राच्या कायद्यात नाही. इथे मालमत्ता करावर शेकडा सहा ग्रंथालय उपकर घेतला जातो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथला प्रत्येक मराठी घरमालक तो वर्षानुवर्षं भरत आला आहे. त्या पैशातून आपल्या भाषेचीही चार पुस्तकं मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्यासाठी कन्नडशी भांडायची काही गरज नाही.

म्हणून या संमेलनाला आलेल्या प्रत्येकाला विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासद व्हा. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतल्या मराठी कादंबऱ्यांची यादी करून लेखी मागणी ग्रंथपालांकडे द्या आणि पोच घ्या. बरोबर गीता नागभूषण यांची एक कादंबरी वाचायला घेऊन या.