पाळी गेली, आता छातीकडे बघा



कापसाच्या भावाची बैठक आणि आम्ही बायांच्या पाळीचं काय काढलं, म्हणून काही जण खाली माना घालतील. घालू द्या. बाईची पाळी गेली की घरचे म्हणतात, सुटली बिचारी. त्यानंतर तिच्या हृदयाला धोका वाढतो, हे मात्र तिला कोणी सांगत नाही.

पाळी चालू असते तोवर अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होतं. रक्तवाहिन्या लवचिक राहायला त्याची मदत होते. आपल्या देशात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्या बाईचा हा आधार चार-पाच वर्षं आधीच जातो. मग वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तदाब चढतो, चरबी पोटावर साठते.

आणि जिची पाळी ऑपरेशननं बंद केली तिचं काय? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची सरकारी समितीनं २०१९ साली पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कोरडवाहू रानात पोट भरत नाही म्हणून कोयता उचलणाऱ्या या आपल्याच घरच्या बाया. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. पंचेचाळिशीच्या आत असं झालं तर हृदयविकाराचा धोका वाढतो. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर पिशवी काढू देऊ नका. कॅन्सरची भीती घातली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन करावंच लागलं तर अंडाशयं ठेवता येतील का, हे आधी विचारा.

मग संप्रेरकाच्या गोळ्या घेतल्या तर? अमेरिकेत १६ हजारांवर बायांवर हा प्रयोग झाला. २००२ साली तो मध्येच थांबवावा लागला, कारण दोन संप्रेरकांची ती गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. अंगाची फार आग होत असेल तर डॉक्टर विचार करून ही गोळी देतात, पण हृदय सांभाळायला म्हणून ती घ्यायची नाही.

दिवसभर वाकून कापूस वेचणारीला कसला हृदयरोग, असं भाऊ विचारतात. कष्टाचा फायदा आहेच. पण रक्तदाब दुखत नाही, म्हणून कळत नाही. उपकेंद्रात तो फुकट मोजतात. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टर गाठा. गोळी सुरू झाली की बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडू नका. ज्वारीची भाकरी उत्तमच. दिवसाचं मीठ मात्र सगळं मिळून एका चमच्याच्या आत हवं, आणि ठेचा, लोणचं, पापड यांतलंही त्यात धरा. मिश्री नि तंबाखू सोडा. दातांना लावली तरी ती रक्तात जातेच. चुलीचा धूरही हृदयाला वाईट.

झटका आला की बाईच्याही छातीत दुखतं. पण कित्येकदा नुसती धाप लागते, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते. मग पित्त झालं म्हणून सोडा पाजतात, आणि वेळ जातो. बैलानं वैरणीला तोंड लावलं नाही तर आम्ही रात्री डॉक्टर उठवतो. बाईला मात्र सकाळपर्यंत बघू म्हणतो. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतं. अशा वेळी तिला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. १०८ ला फोन करा आणि पाळी गेलेली बाई आहे, छातीचा त्रास आहे, असं स्पष्ट सांगा. जुन्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या. ती कुठं ठेवली आहे, हे घरातल्या दोघा-तिघांना आजच दाखवून ठेवा.