हिशेब दिवसाचा, झोप रात्रीची
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा ठराव आज होणारच आहे. त्याआधी आम्हाला अशा एका गोष्टीवर बोलायचे आहे, जी कुठल्याच ठरावात येत नाही. गावोगाव बैठका घेताना आम्ही विचारतो, कपाशी काय म्हणते? उत्तर येते, कपाशी बरी आहे, पण रात्री डोळा लागत नाही. इतक्या घरांतून हेच ऐकू येते की हे कुणा एकट्याचे दुखणे राहिलेले नाही.

पहिली गोष्ट. झोप उडाली म्हणजे माणूस मनाने कच्चा, असे कुणी म्हणू नये. दुबार पेरणी करायची, बियाणे-खत उधारीवर आणायचे, आणि कापूस घरात यायच्या वेळी भाव पडायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले आणि सप्टेंबरअखेरची मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आपली वेचणीची वेळ. असे निर्णय दिल्लीत होतात आणि झोप इथे उडते. झोपेचे उपाय सांगून आम्ही भावाचा प्रश्न बाजूला ठेवतो आहोत, असे समजू नका. कर्ज उपायांनी फिटत नाही. पण कर्जाशी लढणारा माणूस तर शाबूत राहिला पाहिजे ना?

ज्वारीचे पीक आपण सगळे ओळखतो. पावसाने ताण दिला की ज्वारी पाने गुंडाळते, वाढ थांबवते, अंगातली ओल राखून ठेवते. पाऊस आला की पुन्हा पाने उघडते. त्या थांबण्याला आपण आळस म्हणतो का? थांबते म्हणूनच ती कोरडवाहूत टिकते. माणसाची झोप तशीच आहे. रात्री दोन वाजता सोसायटी उघडी नसते, बँक उघडी नसते, अडत्या घोरत असतो. त्या वेळी केलेल्या हिशेबाने देण्यातला एक रुपया कमी होत नाही. सकाळी मात्र डोके जड, घरात चिडचिड, आणि दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात कापूस देऊन मोकळे होण्याची घाई. जागरणाचा हा तोटा वहीत दिसत नाही, पण तो आपल्याच खिशातून जातो.

मग करायचे काय? पहिले काम दिवेलागणीच्या आधी करा. अर्धा तास वही घेऊन बसा. कुणाचे किती, व्याज काय, तारीख कोणती, सगळे लिहा. प्रत्येक देण्यासमोर उद्याचे एकच काम लिहा. सोसायटीत पुनर्गठनाचे विचारायचे, कृषी केंद्रवाल्याशी उधारीची मुदत बोलायची, एवढेच. अवैध सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, तेही त्याच वहीत लिहा. मग वही पेटीत ठेवा. रात्री तोच विचार आला, तर मनाला सांगा, लिहून ठेवले आहे, उद्या बघू.

हा हिशेब घरधनिणीला सोबत घेऊन करा. बहुतेक घरांत तिला आकडा माहीत नसतो, पण काळजी माहीत असते. लपवलेले कर्ज रात्री दोघांनाही जागवते.

आता मोबाइल. रात्री अंथरुणात पडून कापसाचा भाव बघायची सवय पसरली आहे. रात्री बघितलेल्या भावात कापूस विकता येतो का? भाव सकाळी बघा. फोन ओसरीवर ठेवा. वसुलीचे फोन रात्री येत असतील तर हेही ऐका. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ठरवून दिले की वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये. बायाबापड्यांच्या गटांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी तर ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. अवेळी फोन आला तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा, आणि आमच्याकडे आणा.

संध्याकाळचा चहा. चहातला उत्तेजक अंश पाच-सहा तासांनीही निम्मा अंगात उरतो. म्हणून दिवस मावळल्यावर चहा नको. तंबाखू आणि खर्रा यांचेही तेच, तेही जागे ठेवतात. आणि दारू? ती डोळा लावते खरी, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते आणि मन जास्तच खचवते. वर उधारी वाढते ती वेगळीच.

जेवण लवकर करा. कोमट पाण्याने हातपाय धुवा. घटकाभर ओट्यावर शेजाऱ्यासोबत बसा, मात्र तिथे भाव आणि कर्ज काढायचे नाही. रोज एकाच सुमारास पडा. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. तरी झोप येत नसेल तर तळमळत पडू नका. उठून मंद उजेडात दोरी वळा, शेंगा फोडा, पेंग आली की पुन्हा पडा. पहाटे मात्र नेहमीच्या वेळी उठायचे. रानडुकरांसाठी जागल करावी लागते, तिथे चार शेजाऱ्यांनी पाळ्या लावाव्यात, म्हणजे प्रत्येकाला काही रात्री तरी सलग झोप मिळेल.

शेवटचे सांगतो ते सगळ्यात मोलाचे. फवारणीचे औषध राहत्या घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या. वाईट घडी येते तशी जाते, पण त्या घडीला विष हाताशी असता कामा नये. आठवडेच्या आठवडे कुणाची झोप गेली असेल, जेवण तुटले असेल, तो निरवानिरवीची भाषा बोलू लागला असेल, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा, जिवाचे काही बरेवाईट करायचे मनात येते का? विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला दवाखान्यात न्या. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

प्रत्येक गावच्या शाखेने एवढे करावे. या हंगामात ज्यांची देणी थकली आहेत, त्यांच्या ओट्यावर दोघांनी आठवड्यातून एकदा संध्याकाळी जाऊन बसावे. उपदेश करू नये, ऐकावे. आणि सकाळी त्याच्या वहीतल्या कामाला बँकेत, सोसायटीत त्याच्याबरोबर जावे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. आता कापसाच्या भावाचा ठराव घेऊ.