लघुलहरींचा रेडिओ पारखून घ्यावा
(मंडळाच्या सभेत झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अशा बाईने रेडिओवर बोलावे, याचे कुणाला हसू येईल. पण चांगले वांगे पारखायला शेतकीचे पुस्तक वाचावे लागत नाही. रेडिओचेही तसेच आहे. कान शाबूत हवेत आणि दुकानात चार प्रश्न विचारण्याचा धीर हवा. आपल्यातल्या दोघीतिघींनी विचारले, "भिशीच्या पैशातून घ्यायचा तर कोणता घ्यावा?" त्यांच्यासाठी हे चार शब्द.

एफ.एम.चे स्टेशन जवळपासच्या मुलखातच ऐकू येते. लघुलहरी मात्र आकाशात उंच जातात, तिथल्या विद्युतभारित थरावरून वळतात आणि हजारो मैलांवर पुन्हा जमिनीवर उतरतात. म्हणून आपल्या खिडकीशी परदेशचा आवाज येतो. "मोबाइलवर सगळे मिळते, हा खटाटोप कशाला?" असे घरचे म्हणतील. त्यांना एवढेच सांगा, की फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा पुढच्याच महिन्यात बी.बी.सी.ने तिथल्या लोकांसाठी लघुलहरींवर रोज चार तास बातम्या सुरू केल्या. मोबाइलचे मनोरे आणि तारा तुटल्या तरी या लहरी पोहोचतात.

पण पैसे मोजण्यापूर्वी खरे तेही ऐका. रेडिओ सिलोनवर १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हाची गर्दी आता या लहरींवर नाही. बी.बी.सी.ची हिंदी सेवाही ३१ जानेवारी २०२० रोजी लघुलहरींवरून बंद झाली. केवळ जुन्या गाण्यांसाठी हा रेडिओ घेऊ नका. दूरचे, बारीक, अनोळखी आवाज शोधून काढण्याची हौस असेल तरच घ्या.

आता ते चार प्रश्न.

पहिला प्रश्न: आकडे दिसतात का? खोक्यावर "८ बँड", "११ बँड" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्याला भुलू नका. इथे स्टेशने पाच पाच किलोहर्ट्झच्या अंतराने बसलेली असतात. काट्याच्या रेडिओत एका काट्याखाली तीनचार स्टेशने दडतात. आकडा दाखवणारा संच घ्या, म्हणजे आज सापडलेले स्टेशन उद्याही सापडेल. ३ ते ३० मेगाहर्ट्झ सलग लागते ना, मध्ये गाळलेली जागा नाही ना, तेही पाहा. जुनी माणसे मीटरमध्ये बोलतात. त्याचा हिशेब सोपा आहे: तीन लाखाला मीटरने भागा, किलोहर्ट्झ मिळतात. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होता. म्हणजे सुमारे ७०८५ किलोहर्ट्झ.

दुसरा प्रश्न: "सिंगल साइडबँड" आहे का? हॅम मंडळी या पद्धतीने बोलतात. ती सोय नसेल तर त्यांचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपला हॅम संच घेऊन पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातले निरोप त्यांनी बाहेर पोहोचवले. असे बोलणे ऐकायचे तर ही सोय हवीच. बोलायला मात्र सरकारी परवाना लागतो, हे विसरू नका. टेकसन पीएल-३३० आणि एक्सएचडेटा डी-८०८ या लहान संचांत ही सोय आहे.

तिसरा प्रश्न: शेजारची स्टेशने वेगळी करतो का? आवाजाची पट्टी अरुंद-रुंद करण्याचे बटण असले तर उत्तम. काही स्वस्त रेडिओंत एकच जोरकस स्टेशन दोन जागी लागते. एकदा खऱ्या जागी आणि एकदा सुमारे ९१० किलोहर्ट्झ खाली. त्याला सावली समजा आणि तो संच खाली ठेवा.

चौथा प्रश्न: बॅटरी कोणती आणि बाहेरचे एरियल जोडता येते का? बॅटरी बाजारात सहज मिळणारी हवी. बॅटरीवर ऐकले की विजेच्या तारांची खरखर पुष्कळ कमी होते.

दुकानात भर दुपारी, दिव्यांच्या झगमगाटात रेडिओ लावून पाहू नका. चांगला संचही तिथे मुका वाटेल. बदलून देण्याची बोली करूनच घरी आणा. संध्याकाळी गच्चीवर न्या. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांपासून लांब बसा. पाचसात मीटर साधी तार लावली तरी फरक कळतो. ती विजेच्या तारेजवळ नेऊ नका आणि आभाळ गडगडले की काढून ठेवा. रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटर, दिवसा १९ आणि १६ मीटर धुंडाळा. चीनचे स्टेशन बहुधा पहिल्याच दिवशी सापडेल.

शेजारी एक वही ठेवा. तारीख, वेळ, आकडा आणि काय ऐकले ते लिहा. वेळ जागतिक घड्याळाची लिहावी, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. असा नेमका अहवाल पाठवला की पुष्कळ स्टेशने पोच म्हणून चित्राचे कार्ड धाडतात. आपण ऐकले, याची नोंद सातासमुद्रापलीकडे होते. दिवसभर सगळ्यांचे ऐकून घेणाऱ्या बाईला ही पोच फार मोलाची वाटते, हे मी अनुभवाने सांगते.

एक सूचना करून थांबते. प्रत्येकीला संच परवडेलच असे नाही. मंडळाने वर्गणीतून एक चांगला संच आणि एक वही घ्यावी. आठवडाभर एकीच्या घरी, पुढच्या आठवड्यात दुसरीच्या. वर्षअखेर ती वही सभेत वाचू या. कोणते स्टेशन बंद पडले, कोणते नवे आले, हे आपल्याच अक्षरात लिहिलेले असेल.