घरच्या संगणकावर जुना बोलपट

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. असे जुने बोलपट आज घरच्या संगणकावर पाहता येतात. घरातल्या आजी-आजोबांना जरूर दाखवा.

चित्र मध्येच अडकतं, ही नेहमीची तक्रार. ऑनलाइन चित्रपट एकदम अख्खा येत नाही, छोट्या छोट्या तुकड्यांनी येतो. पुढचे काही सेकंद संगणक आधीच साठवून ठेवतो. टाकीत पाणी असलं की नळ गेला तरी भागतं, तसं. हा साठा संपला की चक्र फिरू लागतं. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा १०८० वरून ४८० वर आणा. जुन्या कृष्णधवल चित्रपटाचं त्यानं फारसं बिघडत नाही. राउटरला थेट केबल जोडणं वायफायपेक्षा भरवशाचं. एचडीएमआय केबलने तेच चित्र टीव्हीवर घेता येतं. आवाज आला नाही, तर संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये टीव्ही निवडा.

आणि एक कळकळीची विनंती. ‘फुकट चित्रपट’ दाखवतो म्हणून कुणी वेगळा प्लेअर डाउनलोड करायला सांगितलं, तर ते पान लगेच बंद करा. चित्रपट पाहायला अपडेट केलेला ब्राउझर पुरतो.