पुडीत काय आहे, ते आधी विचारू या

आज आम्ही तुमच्याशी भस्मं आणि रसऔषधांबद्दल बोलणार आहोत.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे ओवा, सुंठ, हळद, अडुळसा हे घरोघरी असतं. ते आपल्या ओळखीचं. पण गुडघे दुखतात म्हणून, पाळीची तक्रार म्हणून किंवा मूल राहावं म्हणून आठवडे बाजारातून जी पुडी येते, तिच्यात नुसता झाडपालाच असेल असं नाही.

आयुर्वेदात रसशास्त्र नावाची शाखा आहे. पारा, शिसं, तांबं, लोखंड, हरताळ यांच्यावर संस्कार करून त्यात औषधं बनवतात. इथे 'रस' हे पाऱ्याचं नाव आहे. सूतशेखर रस आणि आरोग्यवर्धिनी यांच्या मूळ पाठात पारा आहे. नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म. गरोदर बाईला देतात त्या गर्भपाल रसाच्या पाठात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि नाग भस्म अशी दोन्ही आहेत.

जुने वैद्य भस्माची परीक्षा घेत. चिमूट बोटांवर चोळली की रेषांत बसली पाहिजे, पाण्यावर तरंगली पाहिजे, तिच्यात चमक दिसता कामा नये. भस्म बारीक आहे का, नीट झालं आहे का, हे त्यावरून कळतं. पण ते खाल्ल्यावर रक्तात किती शिसं उतरेल, हे बोटाला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

वनस्पतींच्या औषधांसाठी मर्यादा ठरलेली आहे: दहा लाख भागांत शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग. परदेशी जाणाऱ्या अशा औषधांना १ जानेवारी २००६ पासून ही तपासणी सक्तीची झाली. त्याआधी, २००४ मध्ये, अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुढे २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कला सहा गरोदर बायांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या.

शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत जातं. बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. मोठ्या माणसाचं पोट दुखतं, शौचाला होत नाही, अंगातलं रक्त कमी होतं, हातापायांतली ताकद जाते. या तक्रारी इतर आजारांतही असतात, म्हणून शिशाचा संशय लवकर येत नाही. डॉक्टरांना पुडीबद्दल सांगितलं, तरच ते रक्तातलं शिसं मोजायला सांगतील.

मग आपण काय करायचं?

लेबल नसलेली सुटी पुडी घेऊ नका. डबीवर घटकांची नावं, कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख बघा. बिल मागा. पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापावी, असा नियम आहे. मराठीत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या.

गरोदर, अंगावर पाजणारी, मूल व्हावं म्हणून उपचार घेणारी बाई आणि लहान लेकरं यांना धातूचं औषध कुणाच्या ऐकण्यावरून देऊ नका. वैद्यांनी दिलं असेल तर 'यात कोणता धातू आहे, किती दिवस घ्यायचं?' असं सरळ विचारा. शिकलेले वैद्य या प्रश्नाने रागावणार नाहीत. तपासणीला जाताना पुडी सोबत न्या, नर्सताईंना, आशाताईंना दाखवा. त्रास झाला तर औषध थांबवा, डबी आणि बिल जपून ठेवा, दवाखान्यात जा. औषधाबद्दल संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते. तिथल्या निरीक्षकांना नमुना घेऊन सरकारी तपासणीला पाठवायचा अधिकार आहे.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या डब्या आणि पुड्या घेऊन या. एकत्र बसून लेबलं वाचा. जिच्यावर काही लिहिलेलंच नाही, ती बाजूला काढा आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुणाला देऊ नका.