साज घडताना



कोल्हापूरच्या गुजरीत, सराफी पेढीवर जो साज हा गळ्यातला दागिना आपल्या दृष्टीस पडतो, तो कारागिराच्या लहानशा खोलीत, बागेसरीसमोर, म्हणजे सोनाराच्या शेगडीसमोर, धीम्या हाताने घडलेला असतो.

सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवतात.
हलकेच ठोकतात.
चंद्र, शंख, बेलपान उमटते.

मागच्या पोकळीत तापवलेली लाख भरतात. त्यामुळे अल्प सुवर्णातही दागिन्यास भरदारपणा आणि बळकटी प्राप्त होते.

खोलीतला केरसुद्धा जपून ठेवतात.
झारेकरी तो धुऊन सोन्याचे कण काढतो.

श्रोतेहो, पुन्हा सांगतो: साजाच्या आत लाख असते.
तो आचेपासून दूर ठेवा.

आणि खरेदीच्या वेळी, लाख वजा जाता निव्वळ सोन्याचे वजन पावतीत अवश्य दाखल करून घ्या.